सीपीआर आणि आपण सिस्टर लोक: सीमाभागातल्या वर्गांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात एकवीस वर्षं काढली. आता ड्यूटी सांभाळून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या नर्सेससाठी सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवण्याचे, छोटे वर्ग घेते. वर्गात सगळ्या गप्प बसतात. चहाचा कप हातात आला की खरे प्रश्न बाहेर पडतात. ते मी वहीत टिपत गेले. खाली त्यातले नेहमीचे प्रश्न आहेत आणि मी देते ती उत्तरं.

माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) २००४ चं. तेव्हा शिकलेलं आज चालेल का?

पाया तोच आहे. बंद छातीवर हातानं दाब देऊन रक्त फिरवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९६० साली मांडलं. ते आजही खरं आहे. तपशील मात्र बरेच बदलले आहेत, आणि आपल्या जुन्या बॅचच्या सिस्टर नेमक्या त्या तपशिलातच अडकतात.

२००५ च्या आधी शिकलेल्यांच्या डोक्यात अजून पंधराला दोन, म्हणजे पंधरा दाबांमागे दोन श्वास, बसलेलं असतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांत मोठ्या माणसासाठी ते त्या वर्षी तीसला दोन झालं. २०१० साली क्रम बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती असं आपण पाठ केलं होतं, आता सुरुवातच छाती दाबण्यापासून होते. नाकाशी कान नेऊन 'पाहा, ऐका, जाणा' करण्यात वेळ जायचा, तेही त्याच वर्षी काढून टाकलं. २०१५ मध्ये खोली आणि गती दोन्हींना वरची मर्यादा आली: निदान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या पुढे नाही, आणि मिनिटाला १०० ते १२०. 'जितकं जोरात तितकं चांगलं' हे तिथेच संपलं. २०२५ मध्ये पुन्हा काही बदल झाले, ते लहान मुलांच्या प्रश्नात सांगते.

जुनं आठवतं म्हणून आपल्याला येतं असं वाटणं, हाच मोठा धोका. मला स्वतःला वाटायचं.

ड्यूटी डॉक्टर यायच्या आधी मी सुरू करू का? नंतर बोलणी बसली तर?

सुरू करा. विचारायला थांबू नका.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी एका हॉस्पिटलमध्ये नाइट ड्यूटी होती. तिथला शिरस्ता असा, की डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पेशंटला 'काही करायचं' नाही. पहाटे चारच्या सुमारास जांबोटीकडच्या एका आजोबांचा मुलगा काउंटरवर आला, "अक्का, बाबा बोलेनात बघा की." मी गेले, हाक मारली, खांदा हलवला, आणि डॉक्टरांच्या खोलीकडे धावले. ती खोली कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. दार वाजवलं, डॉक्टर उठले, आम्ही दोघं धावत आलो. तोवर तीन-चार मिनिटं सहज गेली असतील. मुलगा खाली बसून बाबांचे तळपाय चोळत होता. त्या सगळ्या वेळात आजोबांसाठी काही करणारा तो एकटाच होता. माझे हात मोकळे होते.

आजोबा गेले. मी लगेच दाबायला घेतलं असतं तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण रक्तपुरवठा थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि विजेच्या शॉकचा उपयोग होईल अशा अरेस्टमध्ये (हृदय बंद पडण्याला आम्ही अरेस्ट म्हणतो) सीपीआरशिवाय जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी खाली नेतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पायांनी मात्र वॉर्डाची सवय ऐकली.

म्हणून आता मी वर्गात पहिल्यांदा हाक मारायला शिकवते. जागेवरून हलायचं नाही. ओरडायचं, वॉर्डातल्या मामांना किंवा मावशींना क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) आणायला पिटाळायचं, कुणाला तरी फोन लावायला सांगायचं, आणि आपण दाबायला लागायचं. बेसिक सीपीआर हे नर्सिंगचं काम आहे, त्याला ऑर्डर लागत नाही. तुमच्याकडे उलटा शिरस्ता असेल तर मेट्रनबाईंना आजच भेटा आणि तो लेखी बदलून घ्या. अरेस्टच्या वेळी तो वाद घालता येत नाही.

पेशंटला घरघर लागली होती, म्हणजे श्वास चालू होता ना?

नाही. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो: तोंड उघडतं, हनुवटी वर जाते, घशातून आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही. नातेवाईक म्हणतात "श्वास घेतोय", आणि आपणही ऑक्सिजनचा मास्क लावून बघत उभ्या राहतो. पेशंट हाकेला ओ देत नाही आणि असे आचके देतोय, तर ते अरेस्ट समजा.

त्याच वेळी गळ्याची नाडी बघा, मनगटाची नाही. जास्तीत जास्त दहा सेकंद. लागली की नाही अशी शंका असेल, तर नाही लागली असं धरा. नाडी असलेल्या माणसाची छाती थोडी दाबली गेल्यानं होणारं नुकसान, नाडी नसलेल्याला न दाबल्यानं होणाऱ्या नुकसानापेक्षा खूप कमी असतं.

दाबताना नेमकं चुकतं कुठे?

जागा बहुतेकींना माहीत असते: छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, तळहाताची टाच, दुसरा हात वर, कोपरं ताठ. चुकतं ते पुढे.

एक, खाट. आपल्या वॉर्डातल्या लोखंडी खाटा मधे झोळीसारख्या झालेल्या असतात. त्यावर दाबलं की निम्मा दाब गादी खाते आणि आपल्याला वाटतं छाती जातेय खाली. पाठीखाली फळी सरकवा. फळी कुठे ठेवली आहे ते ड्यूटीवर येताना बघून ठेवा. एका ठिकाणी ती कपाटामागे होती, वर कॅलेंडर टांगलेलं.

दोन, उंची. आपल्यातल्या बऱ्याच जणी ठेंगण्या आहेत, खाट उंच. मग कोपरं वाकतात आणि नुसत्या हातांच्या जोरावर दाबलं जातं. स्टूल घ्या किंवा खाटेवर गुडघा टेका. खांदे पेशंटच्या छातीच्या बरोबर वर आले पाहिजेत, म्हणजे अंगाचं वजन कामाला येतं.

तीन, सोडणं. दाबण्याकडे सगळ्यांचं लक्ष, सोडण्याकडे कुणाचंच नाही. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त परत भरतं. दमलेली सिस्टर नकळत छातीवर रेलून राहते. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, "मी दमले नाही" म्हणाली तरी बदलायचा.

चार, मोजणं. हे मला वर्गातच कळलं, पुस्तकात नव्हतं. मराठीत एक ते तीस सलग मोजून बघा. दहापर्यंत हात आणि तोंड बरोबर चालतात. पुढे 'एकोणीस', 'अठ्ठावीस', 'एकोणतीस' असे लांबलचक शब्द आले की जीभ अडखळते आणि जिभेबरोबर हातही मंदावतो. एका दाबाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, त्यात 'एकोणतीस' मावत नाही. म्हणून आम्ही एक ते दहा तीनदा मोजतो आणि प्रत्येक दहाला शेजारची मोठ्यानं सांगते, "एक झालं, दोन झालं, तीन झालं, श्वास." तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हायला हवेत. एकीनं विचारलं, ज्ञानोबा-तुकारामच्या ठेक्यावर दाबलं तर? भावना मला पटते, पण प्रत्येक दिंडीची चाल वेगळी. मोबाईलवर मेट्रोनोम ११० ला लावून सराव करा.

अंबू बॅग किती दाबायची?

अंबू बॅग म्हणजे मास्क लावून हातानं श्वास देण्याची रबरी पिशवी. ती वाटते त्यापेक्षा कमी दाबायची. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि आपल्याला छाती फक्त उचललेली दिसायला हवी, त्याला पाच-सहाशे मिलिलिटर पुरतात. एका सेकंदात एक श्वास, असे दोन, की लगेच पुन्हा दाब. घशातून श्वासाची नळी टाकलेली असेल तर छातीवरचे दाब न थांबवता सहा सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला दहा. गडबडीत डोक्याशी उभी असलेली सिस्टर घाबरून भराभर बॅग दाबते. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि तिकडे दाबणारीची मेहनत फुकट जाते. मास्कच्या कडेनं हवा फुसफुसत असेल तर एकीनं दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसरीनं बॅग दाबावी.

सरळ रेषा दिसली की शॉक द्यायचा ना?

सिनेमात देतात. सरळ रेषेला शॉक नाही. शॉक फक्त दोन प्रकारांना: व्हीएफ (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात) आणि नाडी नसलेली व्हीटी (ते फार वेगानं धडधडतात, पण नाडी लागत नाही). रेषा सरळ दिसली तर लीड (छातीवरची वायर) निघाली आहे का, मशीनवर लहरींची उंची कमी ठेवली आहे का, हे डोळ्यांनी बघा आणि दाबत राहा.

बायफेजिक (दोन्ही दिशांनी करंट देणाऱ्या) मशीनला १२० ते २०० जूल, कंपनीनं सांगितला असेल तो आकडा. माहीत नसेल तर मशीनचा सगळ्यात वरचा. चार्ज होत असताना हात थांबवू नका. ऑक्सिजन बाजूला, सगळे दूर, शॉक, आणि लगेच पुन्हा दाब. शॉकनंतर मॉनिटरकडे टक लावून बघत बसण्याची सवय सगळीकडे दिसते. नाडी दोन मिनिटांनी बघायची. कोणताही खंड दहा सेकंदांच्या आत.

इंजेक्शनं कुठली भरून ठेवू?

ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी, मागून २० मिलिलिटर सलाइन आणि हात वर उचलून धरायचा. शॉक देऊनही व्हीएफ जात नसेल तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, नंतर १५०. सरळ रेषेसाठी ॲट्रोपिन २०१० साली यादीतून गेलं, तरी अजून कुणीतरी सवयीनं भरताना दिसतं. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम सगळ्यांना सरसकट नाही, कारण असेल तरच. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव लिहा. आणि वेळ टिपणारी एक व्यक्ती ठरवा, नाहीतर शेवटचं ॲड्रेनालिन कधी गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

लहान मुलं आणि गरोदर बाई?

मुलांमध्ये बहुतेक वेळा आधी श्वास बिघडतो, मग हृदय थांबतं. म्हणून श्वासाला महत्त्व जास्त. दोघी असाल तर पंधराला दोन, एकटी असाल तर तीसला दोन. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश: तान्ह्याला साधारण ४, मुलाला ५ सेंटिमीटर. तान्ह्या बाळाला दोन बोटांनी दाबायचं, हे आपण सगळ्या शिकलो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत ते काढलं आहे. दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेनं. दोन बोटांनी पुरेशी खोली मिळत नाही. घशात अडकलेल्यासाठीही बदल आहे. मोठा माणूस किंवा मूल असेल तर पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच झटके, आलटून पालटून. तान्ह्याला पोटावर कधीच नाही, पाठीवर पाच आणि छातीवर पाच.

लेबर रूममधलं नुकतं जन्मलेलं बाळ हा वेगळाच विषय. तिथे पहिल्या मिनिटात बॅगनं श्वास, आणि दाबायची वेळ आलीच तर तीनला एक.

गरोदर बाईत पोट बेंबीपर्यंत किंवा वर आलं असेल तर एकीनं गर्भाशय हातानं डावीकडे ढकलून धरायचं आणि ते धरूनच ठेवायचं. प्रसूतीच्या डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला बोलवा. पाच मिनिटांत बाळ बाहेर काढण्याचा निर्णय त्यांना घ्यावा लागू शकतो.

आमच्याकडे हार्ट ॲटॅकपेक्षा साप, विहीर, पाण्याच्या मोटारीचा करंट हेच जास्त येतं. तिथेही हेच?

हा प्रश्न खानापूरच्या जंगलपट्टीतल्या आणि चिक्कोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यातल्या सिस्टर हमखास विचारतात. इथे थोडं सविस्तर सांगते.

मण्यार किंवा नाग चावला की आधी श्वासाचे स्नायू लुळे पडतात, हृदय चालूच असतं. नाडी आहे, श्वास नाही. अशा वेळी छाती दाबायची नाही, सहा सेकंदांना एक असा अंबूनं श्वास देत राहायचं आणि दर दोन मिनिटांनी नाडी बघायची. पापण्या मिटलेल्या, हात उचलत नाही, म्हणून गेला असं समजू नका. आत माणूस शुद्धीत असू शकतो, आपलं बोलणंही ऐकत असतो. जांबोटी-कणकुंबीकडून बेळगावला नेताना रस्ताभर कुणीतरी बॅग दाबत राहिलं, तर माणूस व्हेंटिलेटरपर्यंत पोचतो.

बुडालेल्यालाही श्वास आधी: पहिले दोन श्वास, मग तीसला दोन. पालथा घालून पोट दाबणं, खांद्यावर टाकून गरगर फिरवणं, पाय धरून उलटा करणं अजून चालतं. त्यानं पोटातलं अन्न घशात येतं आणि वेळ जातो. गावकऱ्यांना नुसतं "करू नका" म्हणू नका, हातांना दुसरं काम द्या: "तुम्ही डोकं धरा, तुम्ही १०८ लावा."

मोटारीच्या करंटमध्ये आधी मेन बंद, मग स्पर्श. ओल्या बांधावर उभं राहून पेशंटला ओढायला गेलेले दोघं-दोघं सापडतात. करंटनं बऱ्याचदा व्हीएफ होतं, तरणाबांड माणूस असतो, शॉक लवकर मिळाला तर परत येऊ शकतो.

कीटकनाशक प्यायलेल्याला तोंडानं श्वास देऊ नका. हातमोजे घाला, भिजलेले कपडे काढा, सक्शन जवळ ठेवा. आणि इथे ॲट्रोपिन लागतं, भरपूर लागतं. वर अरेस्टच्या यादीतून गेलं म्हटलं, म्हणून ट्रेमधून काढू नका.

बाई पेशंट असेल, भोवती पुरुष नातेवाईक असतील, तर छाती उघडायची कशी?

संकोचात बायकांना सीपीआर उशिरा मिळतो, कधी मिळतच नाही. दाबायला छाती उघडायची गरज नसते, ब्लाउजवरून सुरू करता येतं. शॉकचे पॅड मात्र त्वचेवरच लागतात. २०२५ च्या सूचनांनुसार त्यासाठी अंतर्वस्त्र पूर्ण काढायलाच हवं असं नाही, सरकवून जागा केली तरी चालते. पडदा ओढा, पदर किंवा चादर टाका, आणि हात चालू ठेवा. आपण बायका आहोत, इथे आपला उपयोग जास्त आहे.

टीममध्ये कुणी कानडी, कुणी मराठी, कुणी केरळची. गडबडीत काय बोलायचं?

बेळगावात हे रोजचं आहे. सल्ला इतकाच, की शब्द आधीच ठरवा. 'नाडी' दोन्ही भाषांत नाडीच, त्यामुळे "नाडी इल्ल" म्हटलं की मराठी सिस्टरलाही कळतं. "ओत्री" म्हणजे दाबा, "उसिरु" म्हणजे श्वास, एवढं आमच्या मराठी मुली एका दिवसात शिकतात. कानडी मुली 'दाब', 'सोड', 'थांब' शिकतात. मोजणी मात्र एकाच भाषेत, दाबणारीच्या. ऑर्डर मिळाली की ती मोठ्यानं परत म्हणा: "ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम, देते." आणि "दिलं." निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

नातेवाइकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी एक व्यक्ती ठेवा. चंदगडहून नदी-घाट ओलांडून आलेल्या आईला कानडीत "सीरियस आहे" सांगून काही पोचत नाही. १०८ दोन्ही राज्यांत आहे. फोनवर गावाच्या आधी जिल्हा आणि तालुका सांगा, सीमेवर एकाच नावाची गावं सापडतात.

बरगडी मोडली तर?

मोडू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. कडकन आवाज येतो आणि हात आपोआप मागे येतो. हाताची जागा तपासा आणि दाबत राहा. मोडलेली बरगडी जुळते.

"नातेवाइकांसाठी वरवर करा" असं सांगितलं तर?

हा प्रश्न कुणी वर्गात विचारत नाही, मला बाजूला घेऊन विचारतात. हळूहळू दाबायचं, दाखवण्यापुरतं. मला ते मान्य नाही. सीपीआर करायचा असेल तर पूर्ण करायचा. करायचा नसेल तर तसा निर्णय आधी, उघडपणे आणि कागदावर हवा.

त्यासाठी रस्ता आहे. सन्मानानं मरण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, पेशंट किंवा घरच्यांशी नीट बोलून घेतलेला, केस पेपरवर सहीनिशी. आपलं काम हे, की शेवटच्या टप्प्यातला पेशंट वॉर्डात असेल तर राउंडलाच विचारायचं, "सर, यांचं काय ठरलंय?" कागदावर काही नसेल तर पूर्ण सीपीआर. तोंडी इशाऱ्यावर नाही.

सीपीआरचं सर्टिफिकेट दोन वर्षांचं आहे, मग मधे सराव कशाला?

कारण हात लवकर विसरतात. शिकलेलं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ढिलं पडतं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि आमच्या वर्गातही दिसतं. लेखी चाचणीत चांगले गुण मिळवणारी सिस्टर सरावाच्या पुतळ्यावर तीन सेंटिमीटर दाबते. तिला माहिती आहे, हातांना नाही. दोन वर्षांतून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा दहा मिनिटं बरी.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पुतळा नाही.

जमिनीवर घट्ट गुंडाळलेली गादी ठेवा. वरून चादर बांधा. एकीनं दोन मिनिटं दाबायचं, दुसरीनं मोबाईलवर मोजायचं, तिसरीनं बघायचं की हात पूर्ण वर येतात का. खोली त्यात नीट कळत नाही, पण गती, कोपरं, अदलाबदल आणि दम या चारही गोष्टी कळतात. पहिल्यांदा केलं की बहुतेक जणी दीड मिनिटालाच धापा टाकतात. ते अनुभवलं की माणूस बदलण्याबद्दल पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि त्याच दहा मिनिटांत क्रॅश कार्ट उघडा. लॅरिन्गोस्कोप (नळी टाकताना घशात बघायचं दिव्याचं साधन) पेटवून बघा, सेल बदलायचे असतील तर तिथल्या तिथे बदला. अंबूचा मास्क बसतो का, सक्शन ओढतं का, डीफिब, म्हणजे शॉकचं मशीन, चार्ज होतं का, ॲड्रेनालिनची तारीख काय. फळी कुठे आहे ते नव्या मुलीला दाखवा, आणि तिला स्वतःच्या हातानं एकदा काढायला लावा.